अर्जुन की टी-९०?

साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीत पिढ्यान्‌पिढ्या पोरं फौजेत जातात. अशा गावात रणगाड्यांचा विषय निघाला की वाद रंगणारच. माझं मत सरळ आहे: आत बसणाऱ्या जवानाचा जीव आधी बघायचा, तर आपला स्वदेशी अर्जुन.

रशियन बनावटीच्या टी-९० मध्ये तिघंच बसतात. तोफेत गोळा यंत्र भरतं. त्यामुळे गाडी बुटकी, वजन जेमतेम ४६ टन, लांबून चटकन नजरेत भरत नाही. पण यंत्राचे गोळे बुरुजाच्या, म्हणजे तोफ बसवलेल्या वरच्या फिरत्या भागाच्या तळाशी, थेट जवानांच्या पायांखाली रचलेले असतात. चिलखत भेदून मारा तिथवर पोहोचला की दारूगोळा पेटतो आणि अख्खा बुरुज उडतो. त्याच घराण्यातल्या टी-७२ ची ही गत युक्रेनमध्ये साऱ्या जगाने पाहिली.

अर्जुनमध्ये चौघं, गोळा भरायला माणूस. मार्क-१ए या त्याच्या सुधारित आवृत्तीत गोळे झडपेच्या बंद कप्प्यांत असतात. हायड्रोन्यूमॅटिक, म्हणजे तेल आणि वायूच्या दाबावर चालणाऱ्या सस्पेन्शनमुळे खडबडीत रानातही हादरे कमी बसतात. धावत्या रणगाड्यातून नेम धरणाऱ्या गनरला विचारा याचं मोल!

अडचण आहे ती वजनाची. मार्क-१ए ६८ टनांवर गेलाय, पंजाबातल्या प्रत्येक कालव्यावरच्या पुलाला तो पेलवत नाही. शिवाय उशीर. १९७४ मध्ये मंजूर झालेला प्रकल्प. २००१ मध्ये टी-९० चा करार झाला, तेव्हाही अर्जुन सैन्यात आला नव्हता.

म्हणून पंजाबात टी-९० ठीक, पण राजस्थानच्या वाळवंटात आपल्या पोरांना अर्जुनच द्यावा. २०२१ मध्ये मागवलेले ११८ त्यासाठी फारच थोडे आहेत.