वॉर्डसाठी क्यूसोफा की न्यूज-२?

तीस-चाळीस खाटांच्या हॉस्पिटलात रात्री एक आरएमओ (निवासी डॉक्टर) आणि दोन-तीन सिस्टर असतात. न्यूमोनिया, लघवीचं इन्फेक्शन, नुसताच ताप म्हणून दाखल झालेल्यांपैकी सकाळपर्यंत कोण बिघडणार, हे त्यांनी वेळेत ओळखावं अशी आपली अपेक्षा असते. त्यासाठी एखादा स्कोअर लावायचा ठरला की वाद बहुधा क्यूसोफा आणि न्यूज-२ या दोघांवर येतो. दोन्ही खाटेजवळच्या मोजमापांना गुण देऊन धोका ओळखतात: क्यूसोफा तीन गोष्टी बघतो, न्यूज-२ सात (श्वास, सॅच्युरेशन, ऑक्सिजन लावलाय का, ताप, बीपी, पल्स, शुद्ध). मी दोन्ही वापरले आणि वॉर्डासाठी एक ठेवला. तुमच्याकडचं चित्र थोडं वेगळं असू शकेल, म्हणून कारणांसकट सांगतो.

क्यूसोफाची बाजू आधी घेतो, कारण ती कमजोर नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये सेप्सिसची (इन्फेक्शनमुळे अवयव निकामी होऊ लागण्याची) नवी व्याख्या आली, तिच्याबरोबर तो आला. श्वास मिनिटाला २२ किंवा जास्त, वरचं बीपी १०० किंवा कमी, आणि शुद्धीत फरक. तीनपैकी दोन जमले की सावध व्हायचं. लॅब नको, ऑक्सिमीटर नको, तक्ताही नको. आडगावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून फोन येतो, "सर, पेशंट असंबद्ध बोलतोय, बीपी नव्वद लागतंय." क्यूसोफा तिथेच दोन झाला, पुढचं बोलणं थेट ॲम्ब्युलन्सचं. फोनवर मी आजही तोच वापरतो.

वॉर्डात मात्र तो मला पुरला नाही, आणि त्याचं कारण टीपीआर चार्टमध्ये, म्हणजे ताप-पल्स-श्वास नोंदवायच्या कागदात आहे. कुठलाही चार्ट उघडून बघा. तापाच्या रकान्यात ९९.४, १०१.२, ९८.८ असे चढउतार असतात. पल्सही बदलती असते. श्वासाच्या रकान्यात मात्र २०, २०, १८, २०, २०. घामाने भिजलेल्या, बोलताना धाप लागणाऱ्या पेशंटच्या नावापुढेही २०. एकदा ही गोष्ट डोळ्यांत भरली की ती दिसायची थांबत नाही.

यात सिस्टरला बोल लावण्यात अर्थ नाही. बीपी, पल्स, सॅच्युरेशन यंत्र सांगतं. श्वास माणसाला मोजावा लागतो, तोही घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिटभर. त्याच मिनिटात शेजारच्या खाटेचं सलाईन संपतं आणि दारात कोणीतरी नातेवाईक डिस्चार्जचं विचारत उभा असतो. श्वास हा सर्वांत दुर्लक्षित व्हायटल (ताप, पल्स, बीपीसारखं मूलभूत मोजमाप) आहे ही तक्रार परदेशी वैद्यकीय साहित्यातही जुनी आहे. पण क्यूसोफाची तीनपैकी एक खुंटी नेमकी त्यावरच ठोकलेली आहे. दुसरी खुंटी शुद्धीची. पहाटे तीन वाजता सत्तरीचे आजोबा गुंगीत आहेत की झोपेत, हे हलवून उठवल्याशिवाय कळत नाही, आणि मुलगा म्हणतो, "रात्रभर जागे होते, आत्ता कुठे डोळा लागलाय." नोंद होते 'कॉन्शस, ओरिएंटेड'. मग भरवशाचं उरतं फक्त बीपी, जे अनेकदा सगळ्यात शेवटी पडतं.

आकड्यांत बघू. मूत्रपिंडाच्या इन्फेक्शनची साठीच्या आतली बाई. ताप १०१.४, पल्स ११८, बीपी १०४, सॅच्युरेशन हवेवर ९५, बोलणं व्यवस्थित, श्वास 'नेहमीप्रमाणे' २०. क्यूसोफा शून्य. न्यूज-२ मध्ये तिला पल्सचे २, तापाचा १, बीपीचा १, सॅच्युरेशनचा १, म्हणजे ५ गुण होतात. पाच म्हणजे डॉक्टरने तातडीने येऊन बघायचं आणि व्हायटल्स निदान दर तासाला घ्यायचे. आता खरोखर मिनिटभर उभं राहून श्वास मोजला आणि तो २४ निघाला असं धरा. क्यूसोफा एक होतो, म्हणजे अजूनही गप्पच. न्यूज-२ सातवर जातो, तो सर्वांत वरच्या धोक्याचा गट.

मला निर्णायक वाटलं ते हेच. एक रकाना अंदाजाने भरला तरी न्यूज-२ पूर्ण आंधळा होत नाही, बाकीचे सहा रकाने बोलत राहतात. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने तो २०१२ मध्ये आणला आणि २०१७ च्या अखेरीस सुधारला. त्या सुधारणेत नव्याने आलेल्या गोंधळलेपणाला थेट ३ गुण मिळाले, ही माझ्या दृष्टीने मोठी भर आहे. एकाच रकान्यात ३ आले तरी बेरजेची वाट न बघता डॉक्टरला बोलवायचं असतं.

अभ्यासही साधारण याच बाजूला झुकतात. क्यूसोफा काढला गेला पेनसिल्व्हेनियातल्या १२ हॉस्पिटलांच्या नोंदींवरून, आणि तिथे आयसीयूबाहेरच्या पेशंटमध्ये त्याने ०.८१ एयूसी दाखवला (एयूसी म्हणजे धोक्यातले पेशंट वेगळे काढण्याची क्षमता; १ म्हणजे अचूक, ०.५ म्हणजे नाणेफेक). शिकागो विद्यापीठाच्या हॉस्पिटलात तीस हजारांवर पेशंटमध्ये दोन्हींची गाठ घातली गेली. २०१७ मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात न्यूज (न्यूज-२ च्या आधीची आवृत्ती) ०.७७ वर होता आणि क्यूसोफा ०.६९ वर. पुढे २०२१ च्या सर्व्हायव्हिंग सेप्सिस मार्गदर्शक सूचनांनी स्क्रीनिंगसाठी एकट्या क्यूसोफावर विसंबू नका, असं स्पष्ट सांगितलं. हे आकडे आपल्या वॉर्डातले नाहीत हे मान्य. पण आपल्याकडे श्वासाची नोंद शिकागोपेक्षा चांगली होत असेल असं मला वाटत नाही, त्यामुळे दोघांतलं अंतर इथे कमी होण्याऐवजी वाढण्याचीच शक्यता जास्त.

न्यूज-२ चेही त्रास आहेत, आणि ते घेण्याआधी माहीत असलेले बरे. छापील तक्ता सेल्सियसमध्ये आहे, आपले थर्मामीटर फॅरनहाइटमध्ये. १००.४ च्या वर १ गुण, १०२.२ च्या वर २, असं तक्त्यावरच लिहून घ्या. रात्री दोन वाजता गणित कोणी करत नाही. ऑक्सिजन लावला की आपोआप २ गुण मिळतात, आणि आपल्याकडे नातेवाइकांच्या समाधानासाठीही ऑक्सिजन लागतो. ती सवय मोडल्याशिवाय स्कोअर फुगलेला राहील. वर्षानुवर्षं चुलीच्या धुरात काढलेल्या बायकांचं सॅच्युरेशन एरवीच ८९-९० असतं, त्यांना सरळ ३ गुण बसतात. त्यांच्यासारख्यांसाठी सॅच्युरेशनच्या गुणांची दुसरी पट्टी आहे, पण ती रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो हे ठरलेल्यांसाठीच वापरायची असते, आणि ते तपासणारं एबीजी (रक्तातल्या वायूंच्या तपासणीचं) मशीन तालुक्याला सगळीकडे नसतं. मी अशा प्रत्येकीच्या फाइलवर पट्टी कोणती ते स्वतः लिहून सही करतो, सिस्टरवर सोडत नाही. गरोदर स्त्रिया आणि १६ वर्षांखालची मुलं यांच्यासाठी हा स्कोअर नाहीच.

पावसाळ्यानंतरच्या डेंग्यूत तर दोघांवरही विसंबू नये. डेंग्यू शॉकमध्ये वरचं बीपी बराच वेळ टिकतं आणि खालचं वर चढतं. १०४/८६ म्हणजे दोन्हींतलं अंतर वीसच्या आत आलेलं, पण न्यूज-२ फक्त १०४ बघतो आणि एक गुण देऊन पुढे जातो. क्यूसोफा तोही देत नाही. तिथे पल्स प्रेशर (हेच वरच्या-खालच्या बीपीतलं अंतर) आणि हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) वेगळंच बघावं लागतं.

अलीकडे सॉफ्टवेअर विकणारेही येतात, कॉम्प्युटरच सेप्सिस ओळखेल म्हणून. अमेरिकेत सर्वदूर वापरल्या जाणाऱ्या एपिक कंपनीच्या अशाच मॉडेलची मिशिगन विद्यापीठाच्या हॉस्पिटलात तपासणी झाली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार त्याने सेप्सिसचे ६७ टक्के पेशंट निसटू दिले, आणि तरी दाखल झालेल्या १८ टक्क्यांवर इशारा वाजवला. कागदी तक्त्याची एक गोष्ट मला म्हणूनच फार मोलाची वाटते: आकडा कुठून आला हे सिस्टरला बोट ठेवून दाखवता येतं, आणि पटलं नाही तर भांडताही येतं.

निवड कोणतीही करा, स्कोअर काढल्याने कोणी वाचत नाही. ऑस्ट्रेलियात २३ हॉस्पिटलांत धोक्याच्या निकषांवर धावून येणाऱ्या इमर्जन्सी टीमचा मोठा प्रयोग झाला. २००५ मध्ये त्याचे निकाल आले तेव्हा अशी टीम असलेल्या आणि नसलेल्या हॉस्पिटलांत ठळक फरक दिसला नाही, आणि निकष भरूनही टीमला हाकच गेली नाही असे पेशंट त्यात बरेच होते. आकडा आणि फोन यांच्यामध्ये जे संकोचाचं अंतर असतं, "सरांना आत्ता कशाला उठवायचं", ते आपल्या हॉस्पिटलांत तर फारच मोठं आहे.

त्यामुळे उपकेंद्र, फोनवरचा सल्ला किंवा ऑक्सिमीटर हाताशी नसलेली जागा असेल, तर क्यूसोफा खुशाल ठेवा. चार-सहा तासांनी व्हायटल्स घेतले जाणारा वॉर्ड असेल, तर मी न्यूज-२ कडे झुकेन. सुरुवात सिस्टरांबरोबर बसून श्वास मोजण्यापासून करा: पल्स झाली तरी मनगट सोडायचं नाही आणि नजर छातीवर ठेवायची. पेशंटला वाटतं नाडीच चाललीय, त्यामुळे श्वास बदलत नाही. मग तक्त्याच्या तळाशी ठळक अक्षरांत छापून घ्या: पाचला आरएमओने खाटेजवळ यायचं, सातला कन्सल्टंटला फोन, कितीही वाजलेले असोत. आणि त्या फोनवर पहिलं वाक्य "बरं झालं उठवलंत" हेच बोला, नाहीतर पुढचा फोन येणार नाही.