खडेबाजारच्या गल्लीतला रेकॉर्ड प्लेअर दुरुस्तीवाला

बेळगावातल्या टिळकवाडीहून प्लेअर मांडीवर घेऊन रिक्षानं गेलो. दुकान एवढंसं, पाटी कन्नड, आत बोलणं सगळं मराठी. 'पट्टा सैल झालाय की ओ, सुई पण गेलीय,' म्हणत मालकांनी दोन्ही बदललं. ९५० रुपये. वायदा चार दिवसांचा, लागले अकरा. हे काही बरं नाही.

तपासायला क्वीन या ब्रिटिश बँडची 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' नेली होती. १९७५ चं गाणं, ५ मिनिटं ५५ सेकंदांचं. एवढं लांबलचक रेडिओवर कोण लावणार, अशी धास्ती. आणि ब्रिटनमध्ये सलग ९ आठवडे पहिल्या नंबरावर! मधला ऑपेराचा भाग बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर या तिघांनीच आवाजावर आवाज चढवत गायलाय. रेकॉर्डिंग करताना तेच ते वाजवून टेप इतकी झिजली, की आरपार उजेड दिसायला लागला म्हणे. आमच्या प्लेअरवर तिथं नुसता कालवा व्हायचा. आता रॉजरचा तो वरचा सूर सुटा कानावर येतो.

फ्रेडी पाचगणीच्या शाळेत शिकलेला, हे सांगितल्यावर मालक म्हणाले, 'मग परत लावा की!' तीनदा ऐकलं. डाव्या स्पीकरची खरखर तेवढी राहिलीय. पुढच्या आठवड्यात परत रिक्षा.