रुंद पानांचं केळीचं पील : वर्षभराच्या वापरानंतर

केळीचं पील (बुंध्यालगत फुटणारा, लावणीसाठी वापरायचा कोंब) घेताना आधी पान बघा. जात, उंची, किंमत सगळं नंतर. सांगलीतल्या एका नर्सरीतून 'जी-नाईन (ग्रँड नैन ही केळीची जात), लवकर घड' म्हणून घेतलेल्या पिलाला पहिल्या दिवसापासून वीतभर रुंद, तकतकीत पानं होती. गिऱ्हाईक भुलतं ते तिथंच. वर्ष होत आलं तरी निसवण (केळफूल बाहेर पडणं) नाही. त्याच पावसाळ्यात बाजूच्या आळ्यात लावलेलं फुकटचं, दिसायला मरतुकडं पील मात्र घड घेऊन बसलंय आणि घड भरतही आलाय. बदलून द्या म्हटलं तर उत्तर मिळालं, "जगलंय ना? मग तक्रार कसली?" म्हणून पिलाला एक तारा, नर्सरीला शून्य. असं झाड उपटून टाका.

एका खोडाला एकच घड, पाणी भरपूर, हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे ते सोडतो. मुद्दा पानाचाच.

चांगल्या पिलाची पानं तलवारीच्या पात्यासारखी लांब आणि अरुंद असतात. बुडाशी जाड, शेंड्याकडे निमुळतं. असं पील आईच्या (मूळ झाडाच्या) कंदाला खोलवर, घट्ट जोडलेलं असतं. अन्न आई देते, त्यामुळे त्याला पानं पसरायची घाई नसते आणि सगळा जोर कंद भरण्यात जातो. रुंद पानांचं पील आईला वरवर चिकटलेलं असतं. पोट स्वतःच भरायचं म्हणून ते लवकर पानं उघडतं. खाली कंद जेमतेम. लावल्यावर आधी कंद कमवायचा आणि मग झाड व्हायचं, यातच त्याचे महिने जातात. घड आलाच तर फण्या कमी.

यात एक मेख आहे. पर्णगुच्छ (बंची टॉप) या रोगातही पानं अरुंदच होतात, म्हणून नुसतं 'अरुंद' बघून उचलू नका. रोगट पानं आखूड, ताठ असतात, शेंड्याला झुबका होतो, कडा पिवळट पडून पान कडकन मोडतं. पान उजेडासमोर धरलं की शिरांलगत गडद हिरव्या तुटक रेघा दिसतात. पील घेण्याआधी आईचं झाड बघा. ते खुरटलेलं असेल तर त्या बेटातलं (एकाच मुळावरच्या केळींच्या झुपक्यातलं) काहीच नको. हा रोग मावा या रस शोषणाऱ्या किडीमुळे पसरतो, औषधानं बरा होत नाही. आधी मावा मारायचा, मग झाड कंदासकट उपटून नष्ट करायचं.

पील तीन-चार महिन्यांचं, कंद अर्धा ते पाऊण किलोचा असावा. काढताना वरून ओढू नका, मान मोडते. आई आणि पिलाच्या मधली माती उकरून जोड उघडा करा आणि पारेच्या (पहारीच्या) एका घावात तोडा. कंदाचा काप पांढरा हवा. काळपट बोगदे दिसले तर आत सोंड्या भुंग्याची अळी आहे. वरवर असतील तर तेवढा भाग तासून काढा, आतपर्यंत गेले असतील तर पील टाकून द्या. जुनी मुळं छाटून, वर वीतभर खोड ठेवून, कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या पाण्यात (लिटरला 1 ग्रॅम) अर्धा तास बुडवायचं. मग एक दिवस सावलीत.

खड्डा दीड फूट लांब, रुंद, खोल. त्यात 10 किलो कुजलेलं शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड. कंद मातीखाली दोन बोटं राहील इतकंच पुरा आणि भोवतालची माती पायानं दाबा. आपल्याकडच्या काळ्या जमिनीत सुरुवातीला पाणी तुंबलं की कंद कुजतो. पोंगा (गुंडाळलेलं नवं पान) वर येईपर्यंत ओल पुरे. त्यानंतर कितीही पाजा.

'कितीही'ला एक अपवाद, मोरीचं पाणी. परसात केळ मोरीच्या तोंडाशीच लावायची पद्धत आहे. भांडी-आंघोळीच्या पाण्यावर ती तगते, पण कपडे धुतलेलं सोड्याचं पाणी वेगळं काढा. कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यात आधीच मीठ जास्त, त्यात हे. पानांच्या कडा करपल्या की लोक युरिया टाकतात आणि आणखी बिघडवतात. खालची पानं पिवळी-नारिंगी होऊन मोडत असतील तर मात्र पालाश (पोटॅश) कमी आहे. एका झाडाला वर्षाला 200 ग्रॅम नत्र, म्हणजे युरिया 435 ग्रॅम, आणि 200 ग्रॅम पालाश, म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅश साधारण 330 ग्रॅम. चार-पाच हप्त्यांत विभागून, बुंध्यापासून फूटभर लांब. बक्कळ शेणखत असेल तर कमी करा, पैसे वाचतात.

निसवण होईपर्यंत नवी पिलं काढत राहायची. विळ्यानं कापून उपयोग नाही, आठवड्यात पुन्हा कोंब. वाढीचा डोळा जमिनीखाली असतो, तो पारेनं फोडावाच लागतो. निसवण झाली की एकच अरुंद पानांचं पील ठेवा.

सुधारणा : वरचं लिहून झाल्यावर रुंद पानाच्या झाडाला केळफूल आलं. फण्या मोजक्याच, घड बाजारात दाखवण्यासारखा नाही. पण त्याच्या बुडाला दोन पिलं फुटलीत, दोन्हींची पानं तलवारीसारखी आणि बुंधा जाड. म्हणजे जातीत खोट नव्हती, कंदच लहान होता. त्यामुळे झाड उपटून टाकण्याचा सल्ला मागे घेतो. आधी एक तारा दिला होता, आता अडीच. नर्सरीचा शून्य कायम.

मुद्दाम विकतच घ्यायचं तर जी-नाईनसाठी टिश्यू कल्चरचं रोप बरं. पाच-सहा पानांचं, एकसारखं मिळतं आणि भुंगा-सूत्रकृमी सोबत येत नाहीत. वेलची केळीसाठी ओळखीच्या बेटातलं पीलच बघा, फक्त त्या बेटात मर रोग (मातीतल्या बुरशीनं झाड वाळणं) नाही ना हे विचारून. पिशवीतलं पील देत असतील तर पिशवी फाडून कंद दाखवायला सांगा. नाही म्हणाले तर पैसे खिशात.