४७ मिलीमीटरचा व्हॅक्यूम फिल्टर संच: ग्राफीन ऑक्साइडवाल्यांनी घ्यावा का?

घ्यावा. फक्त सोबत येणारी रबरी नळी पहिल्याच दिवशी बाजूला काढा आणि चांगल्या क्लॅम्पसाठी थोडे पैसे वेगळे ठेवा.

आमच्याकडे एम.एस्सी.ची मुलं प्रोजेक्टला ग्राफीन ऑक्साइडचे, म्हणजे ऑक्सिजन चिकटलेल्या कार्बनच्या अतिपातळ पापुद्र्यांचे, पडदे करतात, पाण्यातलं मीठ अडवायला. हा विषय का, हे सांगलीकराला सांगायला नको. वाळवा, मिरज, पलूस, कृष्णाकाठची काळी रानं उसाला पाणी पाजून पाजून खारवटली आहेत. दरवर्षी एखादं पोरगं घरच्या विहिरीचं पाणी कॅनमध्ये भरून आणतं आणि विचारतं, ‘मॅडम, हे गोडं होईल का?’ त्याला काय उत्तर देते ते पुढे सांगते. आधी काचेबद्दल.

संच देशी बनावटीचा, बोरोसिलिकेट काचेचा. ४७ मिलीमीटर हा त्यात बसणाऱ्या फिल्टर कागदाचा व्यास. ३०० मिलीचा फनेल, सिंटर्ड डिस्क (काचेच्या पुडीची सच्छिद्र चकती) बसवलेला बेस, एक लिटरचा फ्लास्क आणि ॲल्युमिनियमचा स्प्रिंगवाला क्लॅम्प. सांगलीतल्याच एका सायंटिफिकवाल्याकडून साडेचार हजारांच्या आसपास पडला, जीएसटी वेगळा. परदेशी संचाच्या किमतीत आपल्या कॉलेजचं वर्षाचं काचसामान येतं, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका.

सगळी मदार त्या सिंटर्ड डिस्कवर. ग्राफीन ऑक्साइडचे पापुद्रे पाण्यात तरंगत असतात. खालून ओढ लागली की पाणी निघून जातं आणि पापुद्रे एकावर एक आडवे पडत जातात, सांगलीच्या भडंगवाल्याकडच्या कागदी पिशव्यांच्या गठ्ठ्यासारखे. डिस्कची छिद्रं एका बाजूला बुजलेली असली तर तिकडे ओढ कमी, मग पडदा एकीकडे जाड आणि एकीकडे पातळ. वाळल्यावर उजेडासमोर धरा: नीट झालेला पडदा कडेपासून कडेपर्यंत एकसारखा तपकिरी दिसतो, बिघडलेल्यात फिकट चंद्रकोर उमटते. म्हणून दुकानातच डिस्कवर पाणी ओतून बघा, ते सगळीकडून सारखं झिरपायला हवं. मी काउंटरवर हा उद्योग सुरू केल्यावर दुकानदार म्हणाला, “मॅडम, पाणी तपासणीवाले डोळे झाकून नेतात, तुम्हीच एवढं बघताय.” त्यांचं बरोबर आहे हो. त्यांना कागदावर जंतू अडकले की झालं, मला कागदावर थर हवा आहे. दुसरा बेस काढून दाखवला त्यांनी, तो चांगला निघाला.

फनेलचा आतला व्यास ३८ मिलीमीटर धरला तर क्षेत्रफळ ११ चौरस सेंटिमीटरच्या थोडं वर जातं. त्यावर २ मिलिग्रॅम ग्राफीन ऑक्साइड बसवलं की जाडी साधारण १ मायक्रॉन येते. द्रावण अगदी पातळ ठेवायचं आणि घाई करायची नाही. थर चढेल तसा वेग मंदावतो, शेवटचं पाणी उतरायला रात्र लागली तरी नवल नाही. इथे संचाची खरी खोट कळते: फ्लास्कच्या बाजूच्या नळीला कॉक नाही. मध्येच लाईट गेली की पंप थांबतो आणि व्हॅक्यूम सुटतो. नळाच्या धारेवरचा ॲस्पिरेटर लावलात तर पाण्याचा दाब उतरताच नळाचं पाणी उलटं फ्लास्कमध्ये येतं. मध्ये एक ट्रॅप बाटली आणि काचेचा कॉक बसवा, खर्च किरकोळ आहे. सोबतची रबरी नळी ओढ लागली की चपटी होते, जाड भिंतीची व्हॅक्यूम नळीच हवी. क्लॅम्पची स्प्रिंग ढिली आहे, फनेलच्या कडेने तपकिरी पाणी पाझरतं.

पडद्याखाली ०.२ मायक्रॉन छिद्रांचा नायलॉनचा फिल्टर कागद चालतो. ॲल्युमिनाच्या (ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या) सच्छिद्र चकत्यांवर केलेला पडदा पाण्यात जास्त टिकतो, पण फुशारकी मारण्याआधी एक लक्षात ठेवा. २०१५ मध्ये दाखवून दिलं गेलंय की चकतीतून सुटलेले ॲल्युमिनियमचे आयन पडद्यात शिरून थर एकमेकांना बांधतात. म्हणजे निम्मं श्रेय चकतीचं. आणि मुलांनो, हमर्स पद्धतीनंतरची (ग्राफाइटपासून आम्लात ग्राफीन ऑक्साइड केल्यानंतरची) धुणी याच संचावर करायला जाऊ नका. आम्ल निघत जातं तसा माल जेलीसारखा होतो आणि डिस्क गच्च बसते. ते काम सेंट्रिफ्यूजचं.

आता विहिरीच्या पाण्याचं. कोरड्या पडद्यात थरांमधलं अंतर ०.८ नॅनोमीटरच्या आसपास असतं. पाण्यात टाकला की तो फुगतो आणि अंतर १.३ च्या वर जातं. कार्बनच्या थराची स्वतःची जाडी वजा केली तरी ०.९ नॅनोमीटरची वाट मोकळी राहते, आणि पाण्याचं वेष्टण घेतलेला सोडियम ०.७ चा. तो आरामात पलीकडे जातो. मँचेस्टर विद्यापीठात राहुल नायर यांच्या गटाने २०१७ मध्ये पडदे इपॉक्सीत आवळून फुगणं रोखलं आणि अंतर ०.६४ नॅनोमीटरपर्यंत आणलं. त्याच कामात ग्राफीनचे पापुद्रे मिसळून फुगणं कमी केलेल्या पडद्यांनी ९७ टक्के सोडियम क्लोराइड, म्हणजे मीठ, अडवलं. आमच्या साध्या पडद्यातून रंग अडतो, मीठ नाही. पाण्यातल्या क्षारांचा अंदाज देणारा कंडक्टिव्हिटी मीटर पडद्याच्या दोन्हीकडे लावला की मुलांचे चेहरे पडतात. म्हणून त्या पोराला मी सरळ सांगते: घरी प्यायला आरओच बसव. त्यातला पॉलिअमाइडचा थर मायक्रॉनच्या पाचव्या हिश्श्याइतका किंवा त्याहून पातळ असतो आणि मीठ अडवायचं काम तो रोज करतोय. रानाला मात्र आरओ नाही, चर काढून निचरा करणं हाच उपाय. तुझा पडदा तू कर, तो का फुगतो ते मोज, मार्क त्याचेच आहेत.

संचाला दोष देऊ नका, मिठाचा निकाल त्याच्या हातात नाही. त्याचं काम एकसारखा थर बसवणं, ते तो चोख करतो. काम झाल्याबरोबर बेस उलटा धरून डिस्कमधून पाणी सोडा. ग्राफीन ऑक्साइड आत वाळलं की डाग तर जात नाहीच, ओढही कमी होते. नुसता बेस सुटा मिळतो का, हे घेण्याआधी विचारून ठेवा. आमच्या दुकानदाराने आधी ‘पूर्ण संचच घ्यावा लागेल’ म्हणून सांगितलं, जरा लावून धरल्यावर मागवून दिला, पक्क्या बिलासकट.