नोएडा, व्हिएतनाम की तैवान: सांगलीत स्मार्टवॉच घेण्याआधी

पडदा किती उजळ आणि बॅटरी किती दिवस, हे खोक्यावर छापलेलं असतं. ते इथे पुन्हा उगाळत नाही. दोन-तीन वर्षांनी त्याच घड्याळाचा चार्जर हरभट रोडवर मिळेल का, हे खोक्यावर नसतं. ते घड्याळ कुठे आणि कुणाच्या भरवशावर बनतं, यावर अवलंबून असतं. म्हणून तीन पर्याय शेजारीशेजारी ठेवले आहेत: नोएडात जुळवलेलं दोन-तीन हजारांचं देशी ब्रँडचं घड्याळ, सॅमसंगचं गॅलेक्सी वॉच आणि तैवानात बनणारं गार्मिन. अ‍ॅपल वॉच चीन आणि व्हिएतनाममध्ये जुळतं, पण त्याला आयफोन लागतोच, म्हणजे तो निर्णय फोन घेतानाच झालेला असतो.

देशी ब्रँडपासून सुरुवात करू. २०२२ च्या अर्थसंकल्पात वेअरेबल उपकरणांवरच्या आयातशुल्काची टप्प्याटप्प्याची रचना जाहीर झाली. तयार माल आणण्यापेक्षा सुटे भाग आणून इथे जुळवणं परवडावं, हा तिचा हेतू. त्याच सुमारास नॉइज आणि बोट (boAt) या देशी ब्रँडांनी अनुक्रमे ऑप्टिमस आणि डिक्सन या जुळणी करणाऱ्या कंपन्यांशी भागीदारी केली. हे चांगलंच झालं, पण ‘मेड इन इंडिया’चा अर्थ नीट समजून घ्यावा. सर्किट बोर्डावर भाग बसवणं, पडदा चिकटवणं, पाण्याची चाचणी, पॅकिंग ही कामं इथे होतात. पडदा, सेन्सर, बॅटरीचा सेल आणि पुष्कळदा मूळ डिझाइनसुद्धा चीनमधल्या शेन्झेनच्या पट्ट्यातून येतं. चिप चीनमधल्याच झुहाईच्या जियेली किंवा अ‍ॅक्शन्सची, नाहीतर तैवानच्या रिअलटेकची. एकच बोर्ड वेगवेगळ्या ब्रँडच्या केसमध्ये सापडतो. यात गैर काही नाही, किंमत खाली येते ती त्यामुळेच. अडचण एवढीच की डिझाइन करणारा कारखाना काही महिन्यांतच पुढच्या बोर्डाकडे वळतो आणि मागच्या लॉटचे सुटे भाग बंद होतात.

त्याचा पहिला फटका चार्जिंग केबलला बसतो, आणि माझा कौल ठरला तो याच केबलवरून. या घड्याळांची केबल दोन पिनांची, चुंबकाने चिकटणारी. दुकानात सगळ्या सारख्याच दिसतात. पण दोन पिनांमधलं अंतर कुठे २.८४ मिमी, कुठे ४ मिमी, तर कुठे ७.६२ मिमी. अंतर जुळलं तरी धन-ऋण उलटं असू शकतं. चुंबकाची दिशा उलटी असली तर केबल चिकटतच नाही, बाजूला सरकते. एकाच ब्रँडच्या लागोपाठच्या दोन मॉडेलांतही हे बदललेलं आढळतं. म्हणून तुटलेली जुनी केबल फेकू नका. कोणती पिन धन, हे तिच्यावरूनच कळतं. अंतर व्हर्नियर कॅलिपरने मोजा, नवी केबल अ‍ॅडाप्टरला लावून मल्टिमीटरने पाच व्होल्ट कोणत्या पिनेवर येतात ते तपासा, मगच घड्याळाला लावा. उलटी लागली तर संरक्षण असलेलं घड्याळ नुसतं गप्प बसतं. नसलेल्याची चार्जिंग सांभाळणारी चिप (आयसी) जाते. मी आकडेवारी ठेवलेली नाही, पण माझ्या अनुभवात ही घड्याळं बिघडून कमी आणि केबलीवाचून जास्त ड्रॉवरमध्ये जातात.

अ‍ॅप हाही पुरवठ्याचाच भाग समजावा. २९ जून २०२० ला भारताने ५९ चिनी अ‍ॅपांवर बंदी घातली. घड्याळाचं अ‍ॅप परक्या सर्व्हरवर चालत असेल तर ते कोणत्याही कारणाने बंद पडू शकतं. मग घड्याळ वेळ दाखवत राहतं, पण नोंदी बाहेर काढता येत नाहीत.

आता सेल. सुट्या भागांत आणायला सगळ्यात अवघड भाग हाच. सुटा लिथियम आयन सेल १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानात माल म्हणून चढवता येत नाही. मालवाहू विमानातही त्याचा चार्ज ३० टक्क्यांच्या वर चालत नाही. घड्याळाच्या पोटात बसलेल्या सेलला नियम सौम्य. म्हणजे अख्खं घड्याळ विमानाने येतं आणि त्याचा बदली सेल बहुधा जहाजाने न्हावाशेव्याला उतरतो. दुरुस्तीवाल्याकडे मिळतो तो बहुधा दुसऱ्या घड्याळातून काढलेला. सेलवरचा आकडा वाचायला शिका: ४०२०२५ म्हणजे ४ मिमी जाड, २० रुंद, २५ लांब. अर्ध्या मिमीने जाड सेल दाबून बसवला तर तो थोडा फुगताच पडदा उचलला जातो. मूळ सेल तीन तारांचा असेल तर तिसरी तार बहुधा तापमान मोजण्यासाठी असते. तिथे दोन तारांचा सेल लावून काम भागवू नये.

सॅमसंगची साखळी या तुलनेत बरीच आखूड आहे. पडदा सॅमसंग डिस्प्लेचा, चिप स्वतःची (२०२४ च्या वॉच ७ मध्ये ३ नॅनोमीटरची एक्सिनॉस डब्ल्यू१०००), जुळणी उत्तर व्हिएतनाममध्ये, आणि वॉच ६ पासूनची भारतातली घड्याळं नोएडात करण्याचं कंपनीने २०२३ मध्ये जाहीर केलं. दोन ठिकाणं असणं हा मोठा आधार आहे. २०२३ च्या मे-जूनमध्ये उत्तर व्हिएतनामच्या धरणांत पाणी उरलं नव्हतं आणि औद्योगिक वसाहतींची वीज कापली जात होती. सप्टेंबर २०२४ मध्ये यागी वादळानंतर उत्तर व्हिएतनाममधल्याच थाई न्गुयेन शहरात पूर आला. कृष्णाकाठी राहणाऱ्याला पुरात व्यवहार कसे ठप्प होतात हे वेगळं सांगायला नको. चार्जर बिनपिनांचा, त्यामुळे केबलीची वर सांगितलेली डोकेदुखी जवळजवळ नाही. खटकतं ते एवढंच: दीड-दोन दिवसांनी चार्जिंग म्हणजे वर्षाला दोनशेच्या आसपास फेऱ्या. पाचशे फेऱ्यांच्या पुढे सेल थकलेला जाणवू लागतो, म्हणजे अडीच वर्षांत तोच अवघड भाग लागणार. शिवाय ईसीजी सॅमसंगच्या फोनशिवाय चालत नाही.

गार्मिन आपली बहुतेक घड्याळं तैवानमधल्या स्वतःच्या कारखान्यांत करतं. शीझी, लिनकोऊ, जोंगली ही त्यांची ठिकाणं. दुसऱ्याचं डिझाइन आणून शिक्का मारायचा प्रकार नाही. जोखीम आहेच. ३ एप्रिल २०२४ ला तैवानात हुआलिएनचा भूकंप झाला, आणि चीनबरोबरचा सामुद्रधुनीतला तणाव तर कायमचाच. जुलै २०२० मध्ये सायबर हल्ल्याने गार्मिन कनेक्ट हे त्यांचं अ‍ॅप काही दिवस बंद पडलं होतं, तेही विसरू नये. पण त्या दिवसांतही घड्याळं धावांची नोंद घेत होती. केबल संगणकाला लावून अ‍ॅक्टिव्हिटी फोल्डरमधली फिट (FIT) फाइल, म्हणजे धावेच्या नोंदीची फाइल, काढता येत होती. अ‍ॅप गेल्यावरही नोंदी हातात राहतात, हा फरक मला मोलाचा वाटतो. आणि केबल? २०१७ च्या फिनिक्स ५ पासून फोररनर, इन्स्टिंक्ट, फिनिक्स या मालिकांत तोच चार पिनांचा प्लग चालत आला आहे. लिली वगैरे काही मॉडेलं वेगळी. इतकी वर्षं एकच प्लग असल्याने इतरांनीही तो बनवला, त्यामुळे मूळ कंपनीचा माल अडला तरी केबल अडत नाही. चार्जिंग आठवड्यातून एकदा, वर्षाला पन्नासेक फेऱ्या. सेल बदलायची वेळ लांब जाते. किंमत मात्र देशी घड्याळाच्या कितीतरी पट, आणि वॉरंटीनंतर सेल बदलण्यापेक्षा घड्याळच बदलून देण्याकडे कंपनीचा कल असतो.

एक धोका तिन्हींना सारखा. ४ एप्रिल २०२५ ला चीनने डिस्प्रोसियम, टर्बियमसह सात दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांच्या निर्यातीला परवाना लावला. थरथरणारी मोटर आणि कॉलिंगचा स्पीकर निओडिमियम चुंबकांवर चालतात, आणि चुंबकांनी उष्णता सोसावी म्हणून त्यांत पुष्कळदा डिस्प्रोसियम, टर्बियम मिसळतात. जुळणी कुठेही होवो, ही तार चीनलाच जाते.

दुकानात दोन गोष्टी पाहाव्यात. खोक्यावर ‘आर’ने सुरू होणारा बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) क्रमांक असतो. तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाका. नोंदणी कारखान्यागणिक होते, त्यामुळे ब्रँडच्या नावामागचा खरा कारखाना कळतो. दुसरं, उत्पादनाचा महिना. वर्षभर पडून राहिलेलं खोकं सवलतीतही नको, आतला सेल तोवर थोडाफार उतरलेला असतो. घड्याळाबरोबरच एक जादा केबल मागवा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये बाजारपेठेत पाणी शिरलं तेव्हा मारुती रोडवर साधी केबलही मिळण्यासारखी नव्हती.

मुलाला पहिलं घड्याळ हवं असेल तर देशी घ्या, त्यात चूक नाही. सॅमसंगचा फोन हातात असेल तर गॅलेक्सी वॉच सोयीचं. पाच वर्षांच्या हिशोबाने घेणाऱ्याने पैसे साठवून गार्मिन घ्यावं, असं मला वाटतं. माझ्या मनगटावरही तेच आहे. तासगाव-मिरज भागातल्या बागायतदारांनी एक काळजी घ्यावी. बोर्डोच्या फवारणीत मोरचूद-चुन्याचा राप उघड्या पिनांवर बसतो आणि घामाने ओला झाला की मुलामा खाऊ लागतो. फवारणीनंतर साध्या पाण्याने धुवा, चार्जिंगआधी खाच पूर्ण सुकवा आणि कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पिना पुसा. खाचेत बसणारं सिलिकॉनचं बूच स्वस्तात मिळतं; छाटणीच्या हंगामात ते लावूनच बागेत जा.