बाहुल्यांची कॅरी बॅग, गोव्यात वापरून: बॅग बरी आहे हो, पण ती चेन!

आधी चेनबद्दलच लिहिते, बाकीचं नंतर. कुशन, कप्पे, खांद्याचा पट्टा, पाणी न शिरणारं कापड हे सगळं तुम्ही प्रॉडक्टच्या पानावर वाचलंच असणार आणि त्यात खोटं काही नाही. पण चेन कितव्या नंबरची आहे हे त्या पानावर कुठेच नाही, आणि गोव्यात बाहुल्या घेऊन फोटो काढायला बाहेर पडणाऱ्या माणसाला नेमकं तेवढंच कळायला हवं.

बॅग दिवाळीच्या सेलमध्ये घेतली, १,८९९ ला. आता पाऊस तोंडावर आलाय, म्हणजे चांगली वापरून झाली. घरात आकडा १,२०० चा सांगितलाय, त्यामुळे हे वाचणाऱ्या आमच्या फोंड्याच्या लोकांनी जरा जपून. माझ्याकडे दोन बाहुल्या, एक निओ ब्लाइद आणि एक मेड टू मूव्ह बार्बी (सगळे सांधे वळतात ती). ब्लाइद ज्यांच्याकडे आहे त्यांना सांगायला नको, बाहुली सगळी मिळून २८-२९ सेंटीमीटर आणि त्यात डोकंच एवढं की बार्बीच्या कुठल्याच डब्यात ती मावत नाही. १९७२ ला अमेरिकेत केनर कंपनीने काढली, वर्षभरात गुंडाळली, मग २००१ पासून जपानच्या ताकाराने परत आणली, आणि आपल्याकडे मागवायची म्हणजे किंमत वर कस्टम, त्यामुळे टॉवेलात गुंडाळून पिशवीतून न्यायचं माझ्या जिवावर यायचं. या बॅगेत डोक्याचा कप्पा वेगळा खोल आहे, पापण्या दबत नाहीत, मागची दोरी (डोळ्यांचा रंग बदलायची) कुठे अडकत नाही. हे ज्याने कोणी डिझाइन केलं त्याच्याकडे नक्की ब्लाइद असणार. आणि चेन ज्याने निवडली तो कधी समुद्रावर गेला नसणार.

सुरुवातीला मी खूशच होते. आम्ही राहतो आत, फोंड्याला, त्यामुळे पहिल्या पहिल्या फेऱ्या सगळ्या जवळपासच्या. तांबडी सुर्लला महादेवाच्या देवळाजवळ ओढा आहे तिथे बार्बीला दगडावर बसवून फोटो काढले, कदंबांच्या काळातलं ते काळ्या दगडाचं देऊळ मागे जरा धूसर आणि पुढे पांढऱ्या सुती परकरात ही, अजून माझ्या फोनचा वॉलपेपर तोच आहे. (देवळात आत नाही नेली, उगाच कोणाला वाईट वाटायला नको.) मग पणजीला फोंतेन्हासला, म्हणजे जुन्या रंगीत घरांच्या वस्तीत गेले. तिथली माणसं फोटोवाल्यांना कंटाळलीत, बरोबरच आहे, रोज उठून कोणीतरी तुमच्या पायरीवर पाय क्रॉस करून उभं राहिलं तर तुम्ही काय कराल. म्हणून मी घरांपासून लांब, रस्त्याच्या कडेला एका पिवळ्या भिंतीशी बसून गुपचूप ब्लाइदचे केस नीट करत होते, तर समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या आंटीने हाक मारली, कितें गे हें बाय? मला वाटलं आता ओरडणार. तर तिने मला बोलावून तिच्या बल्कांवात (दारापुढच्या बसायच्या ओसरीत) बसवलं, बाहुलीचे डोळे दोरी ओढून चारही रंगांचे बघितले आणि हिरवे ठेव म्हणाली, तिच्या खिडक्या हिरव्या होत्या ना. त्या बल्कांवातले फोटो एवढे छान आले की त्या दिवशी रिव्ह्यू लिहिला असता तर बॅगेला पाचपैकी पाच दिले असते, बॅगेचा त्यात काही संबंध नसताना.

मग नाताळच्या सुट्टीत काणकोणला गेलो. पाळोळे, आगोंद, सगळं कुटुंब. इथून बिघडायला लागलं.

किनाऱ्यावर दुसऱ्याच सकाळी रनर जड झाला. रनर म्हणजे चेनवरून पुढेमागे सरकतो तो तुकडा. बघितलं तर त्यावर पांढरी पावडर. खाऱ्या हवेने स्वस्तातला धातू असा फुलतो, आपल्याकडे गेटच्या कड्या, खिडक्यांचे स्क्रू सगळ्यांचं तेच होतं. मी पुसला, मेणबत्ती घासली, चालायला लागला. त्यात बारीक वाळू आतल्या बाजूला बसलेली, ती पुसून जात नाही. चेन प्रत्येक वेळी उघडताना बंद करताना ती वाळू रनरला आतून घासत राहते, त्याचं तोंड झिजून मोठं होतं, आणि मग तो दातांवरून फिरतो खरा पण दात एकमेकांत दाबत नाही. म्हणजे रनर पुढे जातोय आणि मागे बॅग आपली उघडीच.

आणि हे कुठे कळलं तर पुढे एकदा केरीहून तेरेखोलला जाणाऱ्या फेरीबोटीत चढताना. बॅग खांद्याला, चेन पूर्ण लावलेली, मी स्वतः लावलेली, आणि पाठीमागून एक स्कूटरवाला मुलगा ओरडला की ताई तुमची बाय पडली. ब्लाइदचं अख्खं डोकं बाहेर लटकत होतं, शरीर आत अडकलं म्हणून वाचली, नाहीतर रॅम्पवरून थेट पाण्यात. तेरेखोलच्या किल्ल्यावर एक फोटो काढला नाही त्या दिवशी, दोन्ही हातांनी बॅग पोटाशी धरून बसले होते आणि नवरा म्हणत होता बाराशेची बॅग अशीच असणार.

कंपनीला मेल केला. कंपनीचं नाव लिहीत नाही, ज्यांनी घेतलीय त्यांना माहितीय. उत्तर आलं की समुद्रकिनारी वापर हा अयोग्य वापर धरला जातो, वॉरंटीत बसत नाही. आता गंमत बघा, त्यांच्याच पानावर तिसरा फोटो कुठला आहे? वाळूवर ठेवलेली बॅग, शेजारी शिंपला, मागे लाटा. मी त्याचा स्क्रीनशॉट पाठवला. दोन दिवस शांतता. मग उत्तर, ते चित्र प्रातिनिधिक आहे आणि आपल्या असुविधेबद्दल पुढच्या खरेदीवर १० टक्के सूट. म्हणजे फाटकी चेन घेऊन मी अजून एक फाटकी चेन विकत घ्यायची, जराशी स्वस्त. नंतरच्या मेलला उत्तरच नाही.

शेवटी फोंड्याच्या बाजारात छत्र्या आणि बॅगा दुरुस्त करणारे एक मामा बसतात त्यांच्याकडे नेली. त्यांनी आधी रनर उलटा करून पाठीवरचा आकडा बघितला. पाच. म्हणाले, एवढ्या बॅगेला पाच नंबर? हा तर पर्सला लावतात. तेव्हा मला कळलं की आकडा म्हणजे लावलेल्या चेनची रुंदी, साधारण तेवढे मिलीमीटर, पाच म्हणजे नाजूक, आठ-दहा म्हणजे प्रवासी बॅगांची. त्यांनी पकडीने रनरच्या दोन्ही कडा हलकेच दाबल्या, चेन लगेच धरली, पैसे घेतले नाहीत, पण म्हणाले महिना चालेल, परत समुद्रावर नेलीत तर तेवढीही नाही. खरंच तसंच झालं. मग दुसऱ्यांदा गेले तेव्हा पूर्ण चेन काढून आठ नंबरची जाड प्लॅस्टिकच्या दातांची लावून घेतली, जॅकेटला असते तशी, १८० रुपये. तेव्हापासून मोरजी झालं, हरमल झालं, एकदाही अडली नाही. किनाऱ्यावरून आल्यावर साध्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसते आणि वाळूसाठी जुना टूथब्रश, बस.

म्हणजे इथपर्यंत माझं मत असं होतं की बॅग उत्तम, चेन टाकाऊ, १८० रुपये अजून घाला आणि सुखात राहा. आणि रिव्ह्यू इथेच संपणार होता.

पण मार्चमध्ये ब्लाइदचे मोजे काढले तर पोटऱ्यांवर निळसर पट्टे. बॅगेचं आतलं अस्तर गडद निळं आहे, मखमलीसारखं, दिसायला फार सुंदर. ब्लाइदचा चेहरा कडक प्लॅस्टिकचा असतो त्याला काही झालं नाही पण हातपाय मऊ व्हिनाइलचे, आणि मऊ व्हिनाइल गडद कापडाचा रंग पिऊन घेतं, त्यात गोव्याची दमट हवा आणि बंद बॅग. पाण्याने, साबणाने जात नाही, रंग वर नसतोच, आत गेलेला असतो. मुरुमांवरचं बेंझॉइल पेरॉक्साइडचं जेल मेडिकलमध्ये मिळतं, ते फक्त डागावर लावून वरून प्लॅस्टिक गुंडाळून उन्हात ठेवलं, रोज थोडं थोडं, तेव्हा कुठे फिकट झालं. चेहऱ्याच्या रंगाजवळ ते चुकूनही नेऊ नका, ओठ, गाल सगळं उडवून टाकेल. आणि थांबून थांबून बघत राहा, जास्त झालं तर डागाच्या जागी पाय पांढरा दिसायला लागतो.

खरं बघायला गेलं तर डाग ही चेनपेक्षा मोठी गोष्ट आहे, कारण चेन बदलता येते. मला पटतं ते. पण राग अजून चेनचाच येतो, काय करणार, अस्तराने निदान मला फेरीबोटीवर तोंडघशी पाडलं नाही.

डागाचा उपाय सासूबाईंनी काढला, ज्या आजवर या सगळ्या प्रकाराला "तुझी ती भातुकली" म्हणत आल्यात. त्यांनी मामंजींच्या जुन्या धोतराच्या दोन लांब पिशव्या शिवल्या, नाडीच्या, कितीदा धुतलेलं पांढरं सुती कापड, त्याचा रंग लागायला त्याला रंगच नाही. आता बाहुली आधी पिशवीत, मग बॅगेत. शिवता शिवता बार्बीला नऊवारी पण शिवली, खऱ्या बाईच्या सहाव्या हिश्श्याची म्हणून काठ पण बारीक शोधला, आणि आता प्रत्येक सहलीला नेसवली का म्हणून विचारतात.

अजून थोडं, जे बॅगेबद्दल नाही पण बॅग घेणाऱ्याला लागेल. स्टँड वेगळा विकत घेऊ नका. मेड टू मूव्हला २२ सांधे आहेत, योगासनं करते पण एकटी उभी राहत नाही, आणि प्लॅस्टिकचा गोल स्टँड वाळूत कलंडतो आणि फोटोत दिसतो तो वेगळाच. सायकलच्या दुकानातून जुना स्पोक मागून घ्या, वाकलेला असला तर फुकट देतात, तो वाळूत खोल खुपसून वरचं टोक कपड्याच्या आत पाठीला लावायचं. साडी असेल तर काहीच दिसत नाही, स्विमसूट असेल तर मात्र बसवून फोटो काढा. फोन उलटा धरायचा म्हणजे कॅमेरा खाली जमिनीजवळ येतो, बाहुलीच्या डोळ्यांच्या रेषेत, आणि स्वतः दोन पावलं मागे जाऊन झूम करायचं, मग मागचे माड खरे माडाएवढे वाटतात. वरून खाली बघून काढलेला फोटो म्हणजे वाळूत पडलेलं खेळणं, दुसरं काही नाही. ऊन सकाळचं नऊच्या आतलं नाहीतर चारनंतरचं. दुपारी सावली नाकाखाली मिशीसारखी पडते. पांढरा कागद एका बाजूला धरला की चेहरा उजळतो, जेवणाचं स्टीलचं ताट पण चालतं पण त्याने नवऱ्याच्या डोळ्यांवर तिरीप मारल्याचे आरोप होतात.

मोरजी, आगोंदला कासवांच्या अंड्यांच्या जागा कुंपण घालून ठेवलेल्या असतात, तिथे जवळ बसकण मारू नका आणि रात्री लाइट, फ्लॅश तर अजिबात नको.

बॅगेला उष्णता रोखायचं काही नाहीये हे पण लिहायला हवं. बंद गाडीत उन्हात तापमान ५० च्या वर सहज जातं आणि या बॅगेत बाहुली नुसती शिजते. जेवायला उतरलात तर बॅग बरोबर न्या, हॉटेलवाले बघतात, बघू देत. माझी नणंद तिची बाहुली मासळीच्या आइसबॉक्समध्ये नेते, नवीन घेतलेला, मासे कधी न ठेवलेला, थर्मोकोलचा, दीडशे रुपयांचा. दिसायला भयंकर, पण थंड, कडक, आणि चेन नाही! हे तिने मला इतक्यांदा ऐकवलंय की मी आता उत्तर देत नाही.

पावसाळ्यासाठी बॅग रिकामी करून उघडी ठेवलीय, आतल्या मखमलीला बुरशी लगेच धरते, गेल्या आठवड्यातच वास यायला लागला होता. सिलिका जेलच्या पुड्या टाकल्यात, बुटांच्या खोक्यातून जमवलेल्या. डांबराच्या गोळ्या टाकू नका, काही प्लॅस्टिक त्याने मऊ पडतं.

आता पाचपैकी किती द्यायचे. डोक्याच्या कप्प्याला पाच, अस्तराला एक, चेनला शून्य, कंपनीच्या मेलांना त्याहून कमी. सरासरी तुम्हीच काढा.

परवा नणंदेने विचारलं, तिची दुसरी बाहुली येतेय आणि आइसबॉक्समध्ये दोघी मावत नाहीत, तर हीच बॅग घेऊ का. मी म्हटलं घे, पण सेल लागेपर्यंत थांब, माझं १० टक्क्यांचं कुपन पडलंय तेही वापर, आणि बॅग घरी आली की बाहुली आत ठेवायच्या आधी सरळ मामांकडे नेऊन आठ नंबर लावून घे. तर म्हणते, त्यापेक्षा मोठा आइसबॉक्स अडीचशेला मिळतो.