रत्नागिरीतला ड्रायव्हिंग क्लास: चढ शिकवतात, पावती देत नाहीत

क्लासचं नाव लिहीत नाही. तक्रारीही लिहायच्या आहेत आणि मालक बाजारात हमखास भेटतो. निकाल आधीच सांगतो: गाडी शिकायला पोरांना बेलाशक पाठवा, लायसनचे कागद मात्र घरी करा. पाचपैकी साडेतीन तारे.

आमची बाग पावसच्या बाजूला. आंब्याच्या दिवसांत पेट्या न्यायला घरचा एक जास्तीचा ड्रायव्हर लागतोच. थोरली लेक जूनमध्ये अठराची झाली आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "बाबा, यंदा पिकअप मी नेणार." आमच्याकडे पोरं सड्यावर शिकतात. मोकळा कातळ, समोर कोणी नाही, स्टेअरिंग हवं तसं फिरवा. (कातळशिल्पं सापडायला लागल्यापासून तिथे टायर फिरवणं शोभतही नाही.) पण सड्यावर शिकलेला पोरगा पहिल्याच घाटीत गाडी बंद पाडतो, मागे एसटी हॉर्न मारत उभी असते आणि ह्याचा पाय क्लचवर लटपटतो. म्हणून क्लास.

शिकवणारे काका जुने टेम्पोवाले. गाडी डबल कंट्रोलची, म्हणजे क्लच-ब्रेक त्यांच्याही पायाखाली. पण ते पाय उगाच लावत नाहीत, हे मी मागे बसून पाहिलं. थिबा पॅलेसच्या चढावर मधोमध गाडी उभी करायला लावली. हँडब्रेक वर. पंखा बंद, काचा खाली, भुरभुर पाऊस आत. "अगो बाय, क्लच सोडायचा नाय, उचलायचा. आवाज ऐक." इंजिनाचा आवाज जड झाला, बॉनेट किंचित उचललं. "आता हँडब्रेक काढ." गाडी तसूभरही मागे आली नाही. मग पुन्हा खाली, पुन्हा तेच, तीन पोरं आळीपाळीने. एका वेळी तिघांना बसवतात ही खरं तर तक्रार व्हायला हवी, पण दुसऱ्याची गाडी मागे घसरताना पाहूनही पोरं शिकतात, म्हणून सोडून देतो.

आरे-वारेच्या रस्त्यालाही नेलं. अरुंद जागी समोरासमोर आलो तर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियम तिथे वळणावर थांबवून शिकवला. वीस-वीस वर्षं गाडी चालवणाऱ्यांना तो माहीत नसतो. ओला रस्ता, कडेच्या दगडी गडग्यालगतचं शेवाळ, धुरकटलेली काच, सगळं भर पावसात झालं. पावसाळ्यात क्लास नको म्हणणारे पालक भेटले. मी म्हणेन, कोकणात गाडी चालवायची तर पावसातच शिका.

आता कागदांचं. लर्निंगची परीक्षा हल्ली आधार जोडून घरबसल्या देता येते, १५ प्रश्न, ९ बरोबर आले की पास. क्लासवाले म्हणाले, "ओटीपी तेवढा सांगा, परीक्षा आमचा मुलगा देईल." म्हणजे चिन्हं ओळखणार त्यांचा मुलगा आणि रस्त्यावर येणार माझी मुलगी! मी नाही म्हटलं, तर तोंड वाकडं केलं. लेकीने आमच्या ओटीवर बसून स्वतः दिली. दुसरं, 'आरटीओचं सगळं धरून' असा एकच आकडा सांगतात आणि पावती मागितली की विषय बदलतात. केंद्राच्या नियमात लर्निंगला एका प्रकारच्या गाडीसाठी १५० रुपये, परीक्षेचे ५०. पक्क्याला चाचणीचे ३०० आणि लायसनचे २०० आहेत. वरचे पैसे कशाचे, ते विचारून घ्या. लर्निंग सहा महिने चालतं, पक्क्याची ट्रायल ३० दिवसांनंतरच. ट्रायल नीट झाली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. लायसन आता तिच्या चाळिशीपर्यंत चालेल.

पिकअपला वेगळा बॅज (धंद्याच्या गाडीच्या ड्रायव्हरचा बिल्ला) लागेल, त्याचेही पैसे भरा, असं तिथेच एकाने सुचवलं. लागत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलंय की ७,५०० किलोच्या आतली मालवाहू गाडी साध्या हलक्या वाहनाच्या लायसनवर चालवता येते. मात्र मालवाहू गाडी चालवायला वय वीस पूर्ण लागतं, म्हणजे रस्त्यावर पिकअप न्यायला लेकीला थांबावं लागेल.

क्लासच्या ऑफिसात एक शेजारी भेटले, दहावीतल्या पोराला ॲक्टिव्हाचं लायसन काढायला आलेले. सोळाव्या वर्षी मिळतं ते ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं. ॲक्टिव्हा त्याच्या दुपटीहून मोठी. काकांनी हे तोंडावर सांगितलं आणि गिऱ्हाईक परत पाठवलं, म्हणून अर्धा तारा वाढवलाय. शेजारी तरीही पोराला ट्यूशनला गाडी देतातच. पकडलं तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पालकाला २५,००० दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन नाही.

शिकवण्यातली उणीव एकच मोठी: रात्रीची गाडी अजिबात शिकवत नाहीत. समोरून ट्रक फुल लाइट टाकून आला की नजर डाव्या कडेला ठेवायची, डिपर (लाइटची उघडझाप) कधी द्यायचा, हे मलाच शिकवावं लागतंय.

बॅच सकाळी सातची मागा. नऊनंतर शहरात शाळेच्या रिक्षा सुरू होतात आणि पोरांचा अर्धा तास दुसऱ्या गिअरमध्येच जातो.